दोघांनी मिळून घर सोडताना

धर्मासाठी घर सोडलेल्या माणसांच्या कथा मराठवाड्याला पाठ आहेत. आपेगावचे विठ्ठलपंत पत्नी रुक्मिणीला मागे ठेवून काशीला गेले आणि संन्यास घेऊन राहिले. बायको घरी आहे हे गुरूला कळल्यावर त्यांना परत धाडले गेले आणि त्या परतण्याची किंमत त्या दोघांनी आणि त्यांच्या चार लेकरांनी मोजली. जांबचे रामदास लग्नाच्या मांडवातून निघून गेले. नरसीचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत, आणि मागे राहिलेल्या राजाईच्या नावाचे अभंगही आपल्याकडे आहेत, ज्यांत संसाराची ओढाताण आणि नवऱ्यावरचा राग उघड दिसतो. विदर्भातल्या गाडगेबाबांनी १९०५ साली घर सोडले, कुंताबाई मागे राहिल्या. या सगळ्या कथांत निघणारा एकटा आहे.

पण आणखी एक जाणे आहे, ज्याच्या कथा फारशा सांगितल्या जात नाहीत. साठी-पासष्टी ओलांडलेले नवरा-बायको दोघे मिळून निघतात. मुले, सुना, नातवंडे गावाकडे राहतात आणि हे दोघे एखाद्या मठात, आश्रमात, गुरुद्वाऱ्यात, दवाखान्यात किंवा परक्या मुलखातल्या शाळेत सेवेला राहतात, कधी चार महिने, कधी चार वर्षे. बिलोलीसारख्या गावातून या प्रश्नाकडे पाहिले तर तो एका धर्माचा राहत नाही. हा तालुका तेलंगणाच्या वेशीवर आहे. इथे मराठीइतकीच तेलुगू आणि उर्दू कानावर पडते. गावात सतराव्या शतकातली, सरफराजखानाच्या नावाने ओळखली जाणारी दगडी मशीद आहे. शेजारच्या देगलूरला गुंडामहाराजांची वारकरी परंपरा आहे, नांदेडला तख्त सचखंड हुजूर साहिब आहे, धर्माबादच्या पलीकडे बासरची सरस्वती आहे. म्हाताऱ्या जोडप्याला सेवेला बोलावणाऱ्या वाटा इथे चारी दिशांना फुटतात. त्या सगळ्यांचा एकत्र विचार करताना माझे मत असे झाले आहे की, दोघांनी मिळून जाणे हे एकट्याच्या संन्यासापेक्षा माणसाला अधिक शोभणारे आहे, आणि तरीही आपल्या धर्मसंस्थांनी त्या दोघांसाठी जागा फार थोडी केली आहे.

शास्त्रात जागा होती. मनुस्मृतीचा सहावा अध्याय सांगतो की, अंगावर सुरकुत्या आल्या, केस पिकले आणि नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी. बायकोचे काय, याचेही उत्तर तिथेच आहे. तिला मुलांच्या हवाली करावे, किंवा सोबत न्यावे. दोन्ही पर्याय खुले आहेत, पण निवड कोणी करायची याबद्दल शंका ठेवलेली नाही. ती नवऱ्याची आहे. वानप्रस्थाबद्दल आजही जी गोड भाषणे होतात, त्यांत ही बाजू क्वचितच येते.

महानुभावांनी तेराव्या शतकात वेगळी वाट काढली. चक्रधरस्वामींच्या पंथात स्त्रियांनाही संन्यासाचा पूर्ण अधिकार होता. महदाइसा त्या अधिकारानेच उभी राहिली. आपला देश, आपले गाव आणि विशेषतः आपले नातेवाईक यांचा संबंध सोडा, अशी त्या पंथाची शिकवण आहे. ती कडक आहे आणि स्त्री-पुरुषांना सारखीच लागू आहे. पण तिथे नवरा-बायको दोघांनी दीक्षा घेतली, तर ते नवरा-बायको उरत नाहीत, स्वतंत्र साधक होतात. म्हणजे बाईला मान मिळाला, जोडप्याला मिळाला नाही. वारकऱ्यांनी उलट केले. संसार सोडूच नका म्हणाले, एकनाथ-गिरिजाबाईंचे पैठणचे घर हाच आदर्श ठेवला आणि वर्षातून दोनदा पंढरीला पाठवून माणसाला परत घरी आणले. एकीकडे संन्यास, दुसरीकडे घर. म्हातारपणी दोघांनी मिळून दूर जाऊन काम करावे, यासाठी लागणारी मधली जागा दोन्हीकडे अंधुकच राहिली.

ती जागा आमच्या भागाने पहिल्यांदा जवळून पाहिली ती बहुधा ख्रिस्ती मिशनमुळे. बिलोलीहून बोधन, निजामाबाद ओलांडून गेले की डिचपल्ली लागते. १९०७ साली स्कॉटलंडची डॉक्टर इसाबेल केर आणि तिचा नवरा, मेथडिस्ट पाद्री जॉर्ज केर, हे दोघे निजामाच्या राज्यात आले. ते आले तेव्हा म्हातारे नव्हते. इसाबेल तिशीत होती. पण तिथेच त्यांचे वय झाले. या टापूत महारोग्यांना गावाबाहेर टाकत असत. १९१५च्या सुमाराला एका स्थानिक हिंदू सावकाराने, राजा नरसा गौड यांनी, दिलेल्या मदतीतून डिचपल्लीचा महारोगी दवाखाना उभा राहिला. तिथे इसाबेलने कौटीच्या जातीच्या झाडाच्या बियांचे तेल टोचून उपचार केले. आज त्या उपचाराची जागा पूर्ण नव्या औषधांनी घेतली आहे, पण तेव्हा तेवढीच आशा होती. १९२३मध्ये तिला कैसर-इ-हिंद पदक मिळाले. १९३२ साली ती वारली आणि जॉर्ज पुढेही काम पाहत राहिला.

या जोडप्यावर मी मुद्दाम थांबतो आहे. मिशनच्या त्या काळच्या व्यवस्थेत पाद्र्याची बायको ही बहुधा 'पाद्र्याची बायको' एवढीच असे. पगार नवऱ्याला, नेमणूक नवऱ्याची, शाळा आणि बायाबापड्यांचे काम मात्र तिने करायचे. केर दांपत्यात तराजू उलटा होता. रोग्यांना हवी असलेली विद्या बाईच्या हातात होती आणि पाद्री नवरा इमारती, शेती, पैसा, रोग्यांची राहणी सांभाळत होता. दोघांना स्वतःचे काम होते आणि एकाचे दुसऱ्यावाचून अडत होते. जोडप्याने सेवेला जाण्याची माझ्या मनातली कसोटी इथून आलेली आहे.

मराठी घरातली गोष्ट अधिक अवघड होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई मागेच राहिल्या होत्या. विठ्ठलपंतांचेच चित्र पुन्हा उमटले होते. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर त्या नवऱ्याकडे आल्या आणि १९०० साली स्वतःच्या निर्णयाने ख्रिस्ती झाल्या. १९१७ साली, पंचावन्नाव्या वर्षी, टिळकांनी अमेरिकन मिशनची चाकरी सोडली, 'देवाचा दरबार' काढला आणि साताऱ्याला बिऱ्हाड हलवले. उतारवयात बांधलेली मिळकत सोडून धर्माच्या कामाला निघालेले हे जोडपे. त्यानंतर दोनच वर्षांत, मे १९१९मध्ये, टिळक गेले. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला कळते की, असल्या उड्या मारणाऱ्या माणसाबरोबर राहणे म्हणजे रोजचे पीठ-मीठ कोण आणणार या प्रश्नाबरोबर राहणे. लक्ष्मीबाईंनी ते लिहिले म्हणून आपल्याला ठाऊक आहे. इतर शेकडो बायकांनी लिहिले नाही.

साधनाताई आमट्यांनीही लिहिले. 'समिधा' हे त्यांचे आत्मकथन. बाबा आमटे रूढ अर्थाने धार्मिक नव्हते, त्यांना मिशनरी म्हटलेले आवडले नसते, पण १९९०चे त्यांचे जाणे या आढाव्यातून वगळता येत नाही. १९४९मध्ये सुरू केलेल्या कामातून आनंदवन उभे राहिले होते. थोरला मुलगा आणि सून आनंदवन पाहत होते, धाकटा मुलगा आणि सून १९७३पासून हेमलकशाला होते. शास्त्रात सांगितलेला वानप्रस्थाचा क्षण तंतोतंत आला होता. बाबा पंचाहत्तरीचे होते, साधनाताई चौसष्टीकडे झुकलेल्या. पाठीच्या कण्याच्या दुखण्याने बाबांना बसता येत नसे. एकतर उभे राहायचे, नाहीतर आडवे पडायचे. अशा अवस्थेत दोघे आनंदवन सोडून मध्य प्रदेशात बडवानीजवळ नर्मदाकाठच्या कसरावदला जाऊन राहिले, धरणात बुडणाऱ्या गावांच्या सोबतीला. जवळपास दहा वर्षे ते तिथे होते. नवरा आडवा पडून देशभराच्या माणसांशी बोलणार, आणि येणाऱ्या प्रत्येकाला घोटभर चहा आणि दोन घास कोण देणार? ज्यांनी कसरावदला हजेरी लावली, त्यांच्या आठवणींत साधनाताई हमखास येतात, आणि हमखास कामात असतात. त्यांच्याशिवाय ते जाणे एक दिवसही टिकले नसते. हे आपण म्हणतो, पण सन्मानपत्रांवर नाव लिहिताना विसरतो.

आता आजचे. बिलोली, नायगाव, देगलूर, धर्माबाद या पट्ट्यातून कोण कुठे जाते?

माळकरी जोडपी चातुर्मासात पंढरपूरला किंवा आळंदीला राहतात. आषाढीला जायचे, कार्तिकी करून परतायचे. देगलूरकरांसारख्या परंपरांचे पंढरपुरात मठ आहेत, तिथल्या चक्रीभजनात गुंडामहाराजांचा ठसा अजून टिकून आहे. मठात राहणारा म्हातारा वीणा धरतो, पहाऱ्याला उभा राहतो, पोथी ऐकतो. म्हातारी निवडणे, दळण, भाजी, भाकरी यांत असते आणि उरलेल्या वेळात कीर्तनाला बसते. गोंदवले, शेगाव इथे सेवेकऱ्यांची पाळी असते. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी पगार न घेता पाळीपाळीने काम करतात, आणि तिथली शिस्त पाहून परत आलेला माणूस आपल्या गावच्या देवळाकडे वेगळ्या नजरेने पाहतो. नांदेडला पंजाब, हरियाणातून आलेली वयस्क शीख जोडपी लंगरमध्ये, जोडाघरात दिवसेंदिवस सेवा करताना दिसतात. तिथे एक फरक डोळ्यांत भरतो. पोळ्या लाटायला पुरुषही बसतात आणि पंगतीत वाढायला बायकाही उभ्या असतात.

मुसलमान घरांतही अशी वाट आहे, जिची आपल्या मासिकांतून कधी दखल घेतली जात नाही. १९२०च्या दशकात मेवातमध्ये मौलाना इलियास यांनी सुरू केलेल्या तबलिगी कामात पुरुषांच्या जमाती सगळ्यांना माहीत आहेत. त्याच्या जोडीने मस्तुरात, म्हणजे स्त्रियांची जमात निघते. तिच्यात बाई एकटी जात नाही. नवऱ्याबरोबर किंवा जवळच्या नात्यातल्या पुरुषाबरोबर जाते, आणि बहुतेक वेळा ती जोडप्यांचीच जमात असते. पुरुष मशिदीत उतरतात, बायका त्या गावातल्या एखाद्या घरात. मुदत ठरलेली असते: तीन दिवस, पंधरा दिवस, किंवा चाळीस दिवसांचा चिल्ला. खर्च ज्याचा त्याचा. मुलेबाळे मोठी झालेल्या जोडप्याला हे सोपे जाते. परक्या गावच्या घरात, परक्या चुलीपाशी, ज्यांची भाषाही थोडी वेगळी आहे अशा बायांबरोबर राहून धर्माची चर्चा करणे हा अनेक बायकांसाठी आयुष्यातला पहिला मोठा प्रवास असतो.

पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या स्वाध्याय परिवाराने जोडप्याचा विचार याहून अधिक मुद्दाम केला. भक्तिफेरीला जाणाऱ्याने आपले भाडे, आपले जेवण घेऊन दुसऱ्या गावी जायचे, यजमानावर भार टाकायचा नाही, हा नियम होता. पण मला अधिक महत्त्वाचे वाटते ते त्यांचे अमृतालयम. गावाने बांधलेले साधे, झाडवेलींत बसवलेले मंदिर, आणि पुजारी म्हणून गावातली जोडपी पाळीपाळीने. पूजेचा अधिकार एका जातीला नाही, एका पुरुषालाही नाही; नवरा आणि बायको दोघांना मिळून. मराठी धर्मजीवनात जोडप्याला पद दिल्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

दूरच्या मुलखात जाणाऱ्यांसाठी विवेकानंद केंद्र आहे. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्याच्या एकनाथ रानड्यांनी १९७०मध्ये कन्याकुमारीचे शिलास्मारक पुरे करून १९७२मध्ये हे केंद्र काढले. त्यात आयुष्यभर काम करणाऱ्या जीवनव्रतींखेरीज वानप्रस्थी कार्यकर्त्यांची वेगळी जागा सुरुवातीपासूनच्या विचारात होती. निवृत्त शिक्षक, बँकेतले, महावितरणातले लोक अरुणाचल, आसाम, अंदमानपर्यंत शाळा आणि वसतिगृहे सांभाळायला जातात. गायत्री परिवाराचे श्रीराम शर्मा आणि भगवतीदेवी यांनी स्वतःच तसे केले होते. १९७१मध्ये, शर्मा साठीच्या उंबरठ्यावर असताना, मथुरेचे घर सोडून ते हरिद्वारच्या शांतिकुंजात गेले.

परदेशात या गोष्टीची सर्वांत काटेकोर व्यवस्था अमेरिकेतल्या मॉर्मन पंथाने लावलेली आहे. त्यांच्याकडे तरुण मुले-मुली मिशनला जातात हे प्रसिद्ध आहे. पण निवृत्त जोडपीही जातात. सहा महिने, वर्ष, दीड वर्ष किंवा तेवीस महिने, यांतली मुदत जोडप्याने निवडायची, खर्च स्वतःचा, आणि काम दोघांच्या अंगच्या गुणाप्रमाणे: कचेरी, दवाखाना, मदतकार्य, वंशावळींची दफ्तरे. तरुण मिशनऱ्यांवर जी कडक बंधने असतात, ती या जोडप्यांवर नसतात. घरच्यांशी बोलायला मोकळीक असते. त्यांच्या श्रद्धेशी आपला काही संबंध नसला, तरी त्या व्यवस्थेतली एक गोष्ट घेण्याजोगी आहे. जाण्याच्या दिवशीच परत येण्याचा दिवस ठरलेला असतो. चातुर्मासाला तसा दिवस आहे, चिल्ल्याला आहे, शेगावच्या पाळीला आहे. ज्या आश्रमांत तो नाही, 'या आणि राहा' एवढेच आहे, तिथे गेलेली जोडपी अडकतात. परतावे तर मुलांना वाटते, तिथे काही बिनसले. न परतावे तर नातवंडे मोठी होताना पाहायची राहून जातात.

नातवंडांचा प्रश्न आमच्या भागात दुय्यम नाही. उलट जाणे न जाणे तिथेच ठरते. दिवाळी झाली की मराठवाड्यातून ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादम उचल देतो ती एकट्या माणसाला नाही, नवरा-बायकोच्या जोडीला. बाजारात ही जोडी म्हणजे एक कोयता. बिलोली, मुखेड, देगलूरच्या बाजूने हैदराबाद, निजामाबादला बांधकामावर आणि वीटभट्टीवरही अशीच जोडपी जातात. मागे शाळेत जाणारी पोरे आणि त्यांना सांभाळणारे आजी-आजोबा. त्या आजीला चार महिने पंढरपूरला राहायला सांगणे म्हणजे पोरांची शाळा सोडवणे. तिच्यासाठी नातवंडांना वेळेवर डबा देणे हीच मोठी सेवा आहे असे मला मनापासून वाटते, आणि तिला कोणी 'तुमच्या हातून देवाचे काही होत नाही' असे सुनावले तर त्याला गावाने उत्तर दिले पाहिजे. म्हातारपणी दोघांनी सेवेला जाणे हे आज तरी पेन्शन असणाऱ्यांचे, मुले नोकरीत असणाऱ्यांचे भाग्य आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीपुढची माणसे सुमारे दहा टक्के होती, म्हणजे एक कोटीहून अधिक. त्यांतल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पेन्शन नाही. श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये मिळतात, तेही गरिबीच्या अटीत बसला तर. आणि त्यासाठीही हयातीचा दाखला द्यायला माणूस गावात सापडावा लागतो.

प्रवासाचे थोडे सोपे झाले. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत आहे, मार्च २०२३पासून बायकांना अर्धे तिकीट. पंढरपूर, शेगाव, माहूरच्या गाड्यांत त्याचा परिणाम दिसतो. पहिल्यांदाच म्हातारीला भाड्यासाठी नवऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही. पण ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच, आणि बिलोलीकरांची हद्द मांजरेपाशी संपते. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये गेली ती परत आलेली नाही. काशी, हरिद्वार, अमृतसरला सेवेला जाणाऱ्या जोडप्याला दोघांचे पूर्ण भाडे मोजावे लागते.

यापुढचा मुद्दा अनेकांना रुचणार नाही. अशा जाण्यात बाईची इच्छा किती असते? घरात चाळीस वर्षे रांधले, वाढले, उष्टी काढली. आश्रमातही तेच काम वाट्याला येणार असेल, तर तिच्यासाठी काय बदलले? नवऱ्याला कचेरीतली खुर्ची मिळते, प्रवचनाचे निमंत्रण मिळते, 'काका' म्हणून मान मिळतो. ती कोठीघरात असते. तिला विचारले तर ती 'देवाचेच काम आहे' म्हणते, आणि ते खोटे नसते. पण ती शाळा चालवू शकते, दुखणाइतांचे औषधपाणी पाहू शकते, भजन शिकवू शकते, हिशेब ठेवू शकते. निवृत्त शिक्षिका, अंगणवाडीताई, परिचारिका यांचे प्रमाण आता मोठे आहे. त्यांना पोळ्यांच्या पाळीला लावणारी संस्था आपल्या हातातली विद्या वाया घालवते. डिचपल्लीला शंभर वर्षांपूर्वी जे जमले ते आज का जमू नये?

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती तितकीच खरी आहे. कित्येक बायका सेवेच्या ठिकाणी जाऊन पहिल्यांदा मोकळा श्वास घेतात. तिथे सून नाही, जाऊ नाही, भावकीची देवाणघेवाण नाही. सकाळी काकडआरतीला उठायचे ते स्वतःच्या ओढीने. शेजारी कर्नाटकातली बाई, पलीकडे खानदेशातली. दोघे नवरा-बायको संध्याकाळी शेजारी बसून बोलतात, जे चार पिढ्यांच्या घरात कधी जमले नव्हते. म्हणून मी जाण्याच्या विरोधात नाही. जाण्याआधी तिला वेगळे विचारले जावे, आणि तिचे 'नको' हेही धार्मिक उत्तर मानले जावे, एवढा माझा आग्रह आहे.

याच मुलखातल्या एका माणसाने जोडप्याचे सामर्थ्य ओळखले होते. हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे नानाजी देशमुख. स्वतः अविवाहित. साठीनंतर राजकारण सोडून ते पुढे चित्रकूटला राहिले आणि तिथे त्यांनी 'समाजशिल्पी दांपत्य' ही योजना आणली. शिकलेले तरुण नवरा-बायको खेड्यात जाऊन राहतील, पाच वर्षे. त्यामागचे कारण साधे आणि अनुभवाचे होते. एकट्या कार्यकर्त्याला गाव ओटीवर बसवते; जोडप्याला चुलीपर्यंत नेते. बाई असेल तर गावातल्या बायका बोलतात. ती जोडपी तरुण होती. पण हाच न्याय म्हाताऱ्या जोडप्याला अधिक लागू पडतो. त्यांच्याकडून कोणाला भीती नाही, त्यांना नोकरीत चढायचे नाही, आणि त्यांच्या पदरी चाळीस वर्षांचा संसार आहे. बिलोली तालुक्यातच सगरोळीला १९५९पासून संस्कृती संवर्धन मंडळाने शाळा, वसतिगृह, कृषी विज्ञान केंद्र उभे केले आहे. असल्या ठिकाणी, घरापासून दोनशे-तीनशे कोसांवर न जाता, तालुका न ओलांडता सुद्धा, जोडप्यांना सेवेची जागा होऊ शकते. धर्माचे काम दूरच असले पाहिजे असा कुठलाच धर्म म्हणत नाही.

मग दुखणे आणि मरण. सगळ्यांत कमी बोलले जाते ते यावर, आणि मला सगळ्यांत जास्त काळजी याचीच आहे. दोघांपैकी एक अंथरुणाला खिळला, तर सेवा कोण करणार आणि सेवेकऱ्याची सेवा कोण करणार? सत्तरीपुढच्या सर्वांसाठी केंद्राचे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचे कार्ड २०२४च्या अखेरीस आले, ते राज्याबाहेरच्या नोंदलेल्या दवाखान्यातही चालते. जाणाऱ्या जोडप्याने ते आधी काढून घ्यावे. पण कार्ड उशाशी बसत नाही. एक गेला तर उरलेल्याचे काय? जोडपे म्हणून दिलेली खोली एकट्या बाईला ठेवायची की नाही, हा प्रश्न संस्थेच्या कार्यालयात येतो तेव्हा उत्तर विश्वस्ताच्या त्या दिवसाच्या मनावर अवलंबून असते. काशी-वृंदावनात नवऱ्यामागे उरलेल्या बायकांचे काय झाले हे देशाने पाहिलेले आहे. त्यातल्या अनेक जणी घरच्यांनी आणून सोडलेल्या होत्या. सेवेला म्हणून आलेलीची तशी गत होऊ नये.

गावाकडची बाजूही पक्की हवी. निघताना म्हातारा शेत मुलांच्या नावे करून मोकळा होतो, कधी वाटणीपत्र, कधी बक्षीसपत्र. मन हलके होते, पण सातबाऱ्यावरून नाव गेले की परतल्यावर घरात बसायची जागाही नजरेनजरेने मागावी लागते. २००७चा ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा इथे उपयोगी आहे. आईबापांचा सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि मुलांनी ती अट मोडली, तर त्या कायद्याच्या कलम २३खाली ते हस्तांतरण रद्द करून घेता येते. दाद उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणापुढे मागायची असते. ती अट कागदावर असली पाहिजे. 'मुले आपलीच आहेत, लिहायचे काय' म्हणून लोक ती लिहीत नाहीत. आणि जमीन मुलांना न देता आश्रमालाच देणाऱ्यांनीही दोघांपैकी मागे उरणाऱ्याच्या नावाने तहहयात राहण्याचा हक्क त्याच दानपत्रात लिहून घ्यावा.

महाराष्ट्रातल्या मोठ्या देवस्थानांनी गेल्या तीस-चाळीस वर्षांत भक्तनिवास बांधले, शेकडो खोल्यांचे, एक-दोन रात्रींच्या मुक्कामासाठी. ते गरजेचेच होते. त्याच आवारात सहा महिने राहणाऱ्या जोडप्यासाठी दहा खोल्या काढणे या संस्थांना मुळीच जड नाही: जिना चढावा लागणार नाही अशी खोली, भारतीय पद्धतीच्या शौचालयाशेजारी एक खुर्चीचे, रात्री बोलावता येईल असा डॉक्टर, दोघांच्या नावाने वेगवेगळ्या कामाची नोंद, मुदतीचा कागद, आणि एक गेल्यास दुसऱ्याला राहायचे की घरी परतायचे हे विचारून तसे करण्याची लेखी हमी. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाला हा ठराव एका बैठकीत करता येतो. पुढच्या आषाढीआधी पंढरपूर, आळंदी, शेगाव, नांदेड यांपैकी एकाने जरी तो केला, तर बिलोलीच्या एसटी स्टँडवर पिशव्या घेऊन बसलेल्या जोडप्याला आपण कुठे आणि किती दिवसांसाठी चाललो आहोत हे मुलांना सांगता येईल.